बीप-बीप वाजणारी प्लिमथ

अमेरिकेत साठच्या दशकात वाढलेल्या कित्येक पोरांना मसल कार आधी कानाने भेटली. बाबा इंजिनाचे आकडे बघत. मागच्या सीटवरच्या पोराचं लक्ष हॉर्नकडे!

१९६८ची प्लिमथ रोड रनरच घ्या. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले, वर त्याच्यासारखा 'बीप-बीप' करणारा हॉर्नही बसवला. बॉनेटखाली ३८३ घन इंचांचं, ३३५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन. आत मात्र साधी सलग सीट, चैनीला फाटा. पैसा इंजिनात घातला होता, आणि तेच बरोबर होतं.

त्याच वर्षी मॅटेलने हॉट व्हील्स या खेळण्यातल्या छोट्या गाड्या आणल्या. पहिल्या १६ गाड्यांत कॅमारो, मस्टँग, फायरबर्ड होत्या. झगमगता रंग, टायरवर लाल रेघ. त्यातल्या बऱ्याच गाड्या रेखाटणारे हॅरी ब्रॅडली आधी जनरल मोटर्समध्येच होते! दारात खरी मसल कार नसली तरी खिशात एखादी असायचीच.

पुढच्या पिढीला टीव्हीने वेड लावलं. १९७९ पासून 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड'मधली नारिंगी डॉज चार्जर उड्या मारू लागली. दारं वेल्डिंगने बंद, म्हणून हीरो खिडकीतून आत शिरत. चित्रीकरणात शेकडो चार्जर मोडीत निघाल्या. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना ते आजही बघवत नाही.