बाळंतिणीच्या घरी मराठी कधी पोहोचणार?

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की आपल्याला शाळा, फलक आणि जमिनीचे उतारे आठवतात. बाळंतिणीची खोली कुणाला आठवत नाही. वास्तविक मुलाची सरकारशी पहिली गाठ तिथेच पडते.

दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या असतात. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, नाळ कोरडी आहे का बघायचे आणि मुख्य म्हणजे आईशी बोलायचे. २०१८ मध्ये बाळाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची योजना आली. या कामाचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. त्या स्त्रिया गावातल्याच होत्या, घरची भाषा बोलत होत्या, हे विसरून चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यात सहावीतील एक मुलगी शाळेत आली नाही म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो. कार्यकर्ती येणार होती आणि घरात थोडेफार कानडी समजणारी ती एकटीच, म्हणून तिला ठेवून घेतले होते. आजीने बाळाला मधाचे बोट चाटवले होते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका, पाणीसुद्धा नको, असे कार्यकर्ती कळकळीने सांगत होत्या. मुलीच्या तोंडून आले एवढेच, "आजी, मध नको म्हणतात." का नको, ते राहून गेले. आजी म्हणाल्या, "आमची पोरं काय मध खाऊन मेली?" ते कार्यकर्तींना समजले नाही. कानडीत 'ताई' म्हणजे आई. आजी मात्र ते 'ताई कार्ड' नातीचे समजून तिच्या दप्तरात ठेवत होत्या!

दोष त्या बाईंचा नाही. चिखल तुडवत त्या आल्या होत्या. दोष नेमणुकीचा आणि कागदांचा आहे.

घटनेचे ३५० अ कलम मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणापुरते आहे. परंतु जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे मान्य झालेले तत्त्व आहे. ३५० कलमानुसार गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडता येते. तेव्हा ग्रामपंचायतीत ठराव करा. मराठी वस्तीत मराठी बोलणारी कार्यकर्ती नेमावी आणि कार्डावर मराठी मजकूर असावा, एवढेच मागा. कानडी काढा असे आम्ही म्हणत नाही.

तोपर्यंत गावातील शिकलेल्या सुनांनी, निवृत्त शिक्षिकांनी भेटीच्या दिवशी सोबत जावे. आजीच्या शंकेला पुरते उत्तर मिळायला हवे. आणि आमच्या सहावीच्या मुलीची जागा त्या दिवशी वर्गात आहे.