चमकणारे डॅनिओ आणि घरची पैदास

बेंगळुरू : येथील शोभिवंत माशांच्या बाजारात निळसर पट्ट्यांच्या साध्या झेब्रा डॅनिओसोबत हिरव्या-लाल रंगांत चमकणारे डॅनिओही दिसतात. दोन्ही एकाच जातीचे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये वर्णिलेली ही जात मूळची भारतीय उपखंडातीलच. ठिपक्यांचा ‘लेपर्ड’ हाही तिचाच प्रकार. चमकणाऱ्या माशांत मात्र जेलीफिश किंवा प्रवाळाचे जनुक घातलेले असते. निळ्या प्रकाशात ते उजळतात.

नर सडपातळ व सोनेरी झाक असलेला, तर मादी रुपेरी व पोटाशी भरदार असते. जोडी संध्याकाळी उथळ टाकीत सोडावी. तळाशी काचेच्या गोट्यांचा थर हवाच. सकाळी उजेड होताच मादी अंडी टाकते आणि पुढे आई-बापच ती खाऊ लागतात. फटींत घरंगळलेली तेवढी वाचतात. त्यामुळे मोठे मासे लगेच बाहेर काढावेत. २८ अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. बेंगळुरूच्या डिसेंबरमधील थंड रात्री मात्र हीटरशिवाय हे तापमान टिकत नाही.

चमकणारी जोडी असेल तर प्रश्न हौसेपुरता उरत नाही. साध्या माशाशी संकर झाला तरी चमक पुढच्या पिढीत उतरू शकते. १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय परिवर्तित जीवांची आयात वा विक्री जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या मंजुरीविना करता येत नाही. ब्राझीलमधील ओढ्यांत असे मासे आढळले आहेत. तेथे ही जात परकी आहे. भारतात तिचे रानटी भाईबंद ओढ्या-शेतांत आहेत. जास्तीची पिल्ले तलावात वा नाल्यात कदापि सोडू नयेत.