भुकेल्यांसाठी पदयात्रा

१८९६ साली सुरू झालेल्या दुष्काळाची झळ प्रथम झाशीसह बुंदेलखंडाला लागली. पुढे तो मध्य प्रांतात पसरला. तेव्हा पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे गेल्या आणि त्यांनी निराधार मुलींना आश्रयासाठी आणले. केडगावचे 'मुक्ती सदन' त्यातूनच वाढले. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते, भावासह उपाशीपोटी देशभर पायपीट केली होती.

अन्नपाण्यासाठी माणसांना घडणाऱ्या अशा पायपिटीचे स्मरण ठेवून चर्चच्या संस्थांनी निधिसंकलनाची एक रीत रूढ केली. अमेरिकेतील बिस्मार्क शहरात १९६९ मध्ये 'क्रॉप' या उपक्रमाची पदयात्रा निघाली. चालणारा शेजारी, नातलग, दुकानदार यांच्याकडून आधी देणगीचे वचन लिहून घेतो व नंतर रक्कम गोळा करतो. या उपक्रमात जमलेल्या निधीपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतचा भाग त्याच परिसरातील भुकेल्यांसाठी ठेवला जातो. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या गल्लीतील रिकामी चूल विसरून दूरदेशीच्या दुःखाने गहिवरणे सोपे असते.

झाशीत दरवर्षी २८ ऑक्टोबरला संत ज्यूड यांच्या तीर्थस्थानी भाविक जमतात. एरवी उन्हाळ्यात रणरणणाऱ्या या शहरात तो काळ चालण्यास बराच सुसह्य असतो. अशा वेळी पदयात्रा काढायची झाल्यास पोलिसांची परवानगी, वाटेत पिण्याचे पाणी, वृद्धांसाठी आखूड मार्ग आणि प्रथमोपचार यांची तजवीज आधी करावी. पावतीपुस्तक एकाच्या हाती आणि पैसे दुसऱ्याच्या हाती असावेत. हिशेब आठवड्याच्या आत फलकावर लावावा.