मिठागरातला मूड बूस्टर

भाईंदरची मिठागरं तुम्हाला ठाऊक आहेतच. तिथे मीठ काढून झाल्यावर जे पाणी उरतं, त्याचा कडवटपणा मुख्यतः मॅग्नेशियमचा. हेच मॅग्नेशियम आता ‘मूड बूस्टर’ बनून डबीतून आपल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये येऊन बसलंय. पण डिप्रेशनवर त्याचा खरंच उपयोग होतो?

थोडाफार होत असावा. २०१७मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी सौम्य ते मध्यम डिप्रेशन असलेल्या १२६ जणांवर प्रयोग केला. रोज २४८ मिलिग्रॅम, सहा आठवडे. लोकांना बरं वाटलं. गोची एवढीच, की तुलनेसाठी खोटी गोळी कुणालाच दिली नव्हती. मग फरक मॅग्नेशियमने पडला की गोळी घेतल्याच्या समाधानाने, हे कसं कळणार?

म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध परस्पर बंद करून ही डबी उघडू नका. किडनीचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय हातही लावू नका. डोस जास्त झाला की जुलाब होतात (आणि तेव्हा तुम्ही गच्च भरलेल्या विरार लोकलमध्ये असाल, तर बघा बुवा!). बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, पालक यांत मॅग्नेशियम भरपूर असतं, ते खा की. आणि दोन आठवडे झाले तरी सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजतासुद्धा.