क्यूआर कोड छापण्याआधी एवढं तपासा



दिवाळीच्या आधी आपल्या एका गटाने चकली भाजणीसाठी ५०० लेबलं छापली. त्यावर क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की गटाचं व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं. कोड मीच एका वेबसाईटवर फुकटात बनवून दिला होता. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईकाचा निरोप आला, "ताई, तुमचा कोड बंद दाखवतोय." फुकटची मुदत संपली होती आणि ३०० लेबलं शिल्लक होती. चूक माझी होती. तुमची होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

कोड दोन प्रकारचे असतात. पाहुण्याला आपण थेट घराचा पत्ता दिला, तर तो स्टॅटिक कोड. "चौकातल्या दुकानात विचारा, ते सांगतील" असं म्हटलं, तर तो डायनॅमिक. दुकान बंद झालं की पाहुणा चौकातच उभा! डायनॅमिक कोडमधली माहिती नंतर बदलता येते, पण तो त्या वेबसाईटच्या भरवशावर चालतो. स्टॅटिकमध्ये माहिती त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांतच असते, त्यामुळे त्याला मुदत नसते. आपल्या लेबलला स्टॅटिकच बरा.

कोड असा बनवा:

१. गटाचा कायमचा नंबर ठरवा. सचिव बदलली की नंबर बदलला, असं नको. छापलेला स्टॅटिक कोड बदलता येत नाही.

२. क्यूआर बनवायच्या वेबसाईटवर 'यूआरएल' किंवा 'लिंक' निवडा आणि 'स्टॅटिक' आहे ना ते बघा. साध्या कोडसाठी खातं उघडा, कार्डाचा नंबर द्या असं विचारलं तर दुसरी वेबसाईट बघा.

३. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक टाका: डब्ल्यू, ए, टिंब, एम, ई, तिरकी रेघ, मग ९१ आणि पुढे मोबाईलचे दहा आकडे. मध्ये जागा नको, अधिकचं चिन्ह नको.

४. कोड डाऊनलोड करून दुसऱ्या फोनवर स्कॅन करा. उघडण्याआधी लिंक दिसते, ती वाचा. आपण टाकलेलीच दिसली तर ठीक. त्या वेबसाईटचं नाव दिसलं तर कोड डायनॅमिक आहे. तो छापू नका.

५. आधी एकच लेबल छापा. कोड निदान २ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा आणि चारी बाजूंनी कोरी जागा सोडलेला हवा. पाकिटावर चिकटवून पुन्हा स्कॅन करा. चुरगळलेल्या किंवा चकाकणाऱ्या प्लास्टिकवर कधी कधी तो वाचला जात नाही.

वजन, किंमत, तारीख, परवाना क्रमांक हे लेबलवर छापावंच लागतं. कोड आहे म्हणून ते गाळू नका.

आणि एक महत्त्वाचं. पैसे घ्यायचा कोड अशा वेबसाईटवर बनवू नका. तो गटाच्या खात्याला जोडलेला, बँकेकडून किंवा यूपीआय अ‍ॅपमधूनच घ्या. बाजारात स्टॉल लावला की रोज सकाळी आपल्या कोडवर कुणी दुसरा चिकटवला नाही ना, ते बघा. पैसे घेताना पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं, तर ती फसवणूक आहे.

लेबल छापायला देण्याआधी ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या. दोन-तीन फोनवर मिळून तपासू. दोन मिनिटं लागतील, पण छपाईचे पैसे वाचतील.