फोन, कर आणि कायदा

कापूस वेचून झाला. घर कापसाने भरले. आता विकायचा कधी? वणीला भाव काय, पांढरकवड्याला काय, यवतमाळला काय? पूर्वी हे कळायला बाजारात जावे लागे. आज फोनवर घरबसल्या कळते. फोन ही शेतकऱ्याच्या कामाची वस्तू झाली आहे. म्हणून सरकार तिच्यावर कर किती घेते आणि कायदे कोणते लावते, हे आपल्याला ठाऊक असावे. नवे यंत्र गावापर्यंत येणार की शहरातच राहणार, हे बरेचसे त्यावर ठरते.

रेडिओचा परवाना

ही गोष्ट आजची नाही. इंग्रज सरकारने १८८५ साली तारेचा कायदा केला. तारेने निरोप धाडण्याचा हक्क सरकारने आपल्या हाती ठेवला. १९३३ साली बिनतारी यंत्रांचा कायदा झाला. मग घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागू लागला. दरसाल पोस्टात जायचे, फी भरायची. १९६० च्या सुमारास घरच्या रेडिओची फी वर्षाला १५ रुपये होती. मजुराची ती कित्येक दिवसांची मजुरी! रेडिओ आधीच महाग, त्यात ही फी. मग गरिबाच्या घरी तो लवकर कसा येणार? आकाशवाणीच्या खर्चाला त्या पैशाचा हातभार लागे, हेही खरे. पुढे १९८० नंतरच्या दशकात सरकारने ही फी काढून टाकली.

मक्ता की बटई?

आता मोबाइलचे पाहू. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात झाले. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत. दुसऱ्याचा फोन आला, तरी आपलेच पैसे जात!

इतके महाग का? आपल्याकडे शेत दोन रीतींनी करायला देतात. एक मक्त्याने, दुसरी बटईने. मक्त्यात पीक येवो की न येवो, ठरलेली रक्कम द्यावीच लागते. बटईत जे पिकेल त्याचा वाटा द्यायचा. सरकारने कंपन्यांना आधी मक्त्याने परवाने दिले. गिऱ्हाईक थोडे आणि मक्ता भारी. कंपन्या तो पैसा गिऱ्हाइकाकडूनच काढणार. गिऱ्हाईक वाढेना आणि कंपन्याही अडचणीत आल्या.

१९९९ साली सरकारने धोरण बदलले. मक्ता सोडून बटई धरली. कंपनीने कमाईतला वाटा सरकारला द्यायचा. पुढे कंपन्यांत चढाओढ लागली, यंत्रेही स्वस्त झाली. २००३ साली येणाऱ्या फोनचे पैसे बंद झाले. मग मोबाइल खेड्यात आला. यंत्र तेच होते. नियम बदलला, तेव्हा ते आपल्या हाती आले.

नियम नकोतच का?

असे म्हणून चालणार नाही. झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावर घरे थोडी. टॉवरला खर्च मात्र शहराइतकाच. निव्वळ नफा पाहणारी कंपनी तिथे कशाला जाईल? यासाठी २००२ पासून कंपन्यांच्या कमाईतून शंभराला ५ रुपये एका वेगळ्या निधीत घेऊ लागले. खेड्यापाड्यांत फोन पोचवण्यासाठी हा निधी आहे. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले.

सिमकार्ड घेताना ओळखीचा कागद मागतात, तोही नियमच. लबाडाला चाप बसावा म्हणून तो आहे. फोनवरून कोणी पैशाला फसवले, तर लगेच १९३० या नंबरावर कळवावे.

आपला हिशेब

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागला. मोबाइलवर तो आधी शंभराला १२ रुपये होता. १ एप्रिल २०२० पासून १८ झाला. म्हणजे १०,००० रुपयांच्या फोनवर आधी १,२०० रुपये कर पडे, आता १,८०० पडतो. रिचार्जवरही १८ च आहे. आपण २३६ रुपये भरले, तर त्यांतले ३६ रुपये कराचे. मजूर आणि सावकार दोघांनाही तो सारखाच.

तेव्हा आम्ही कर भरत नाही, असे कोणी म्हणू नये. आपण सगळेच कर भरतो. म्हणून विचारण्याचा हक्कही आपला आहे. फोन घेतला की पक्की पावती मागा. कराचा आकडा स्वतः वाचा. पोडावर किंवा गावात फोन लागत नसेल, तर ग्रामसभेत विषय काढा. ठराव लिहून घ्या, तो वाचून पाहा, मग सही करा. ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

कर देणे हे आपले काम. त्या कराचे काय झाले, हे विचारणे हेही आपलेच काम.