लाखाच्या पुढे गेलेले इंजिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनात धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. तो टिकून असेपर्यंत पिस्टन, रिंग, बोअर आणि बेअरिंग फार सावकाश झिजतात. ऑइल जुने झाले, धूळ आत गेली किंवा इंजिन जास्त तापले की झीज झपाट्याने वाढते. या कारणांवर लक्ष असेल तर बराचसा खर्च आधीच ओळखता येतो.

गैरसमज: एक लाख किलोमीटर झाले की इंजिनाचे मोठे काम निघते.

वस्तुस्थिती: मीटरवरचा आकडा हे झिजेचे एकमेव माप नव्हे. शहराच्या गर्दीत सरासरी ताशी २० किलोमीटरने एक लाख किलोमीटर चाललेले इंजिन ५,००० तास फिरलेले असते; महामार्गावर सरासरी ५० ने दोन लाख चाललेले फक्त ४,००० तास. शिवाय दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे त्यात मिसळलेले पाणी आणि इंधन उडून जात नाही. म्हणून ऑइल बदलल्याच्या नोंदी असलेली दोन लाखांची गाडी बिननोंदीच्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा भरवशाची असू शकते.

गैरसमज: ऑइल काळे पडले म्हणजे खराब झाले.

वस्तुस्थिती: डिझेल इंजिनात नवे ऑइलही काजळीमुळे लवकर काळे होते. ऑइल ठरलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला बदलायचे, रंग पाहून नव्हे. जुन्या गाडीत रंगापेक्षा पातळी जास्त सांगते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पाहावी आणि किती किलोमीटरमागे किती ऑइल टाकावे लागले ते लिहून ठेवावे. थोडे ऑइल जळणे साहजिक आहे. त्याचे प्रमाण वाढत जाणे ही झिजेची खूण. ऑइलचा लाल दिवा मात्र पातळीचा नसून सहसा दाबाचा असतो. चालत्या गाडीत तो लागला की इंजिन लगेच बंद करावे.

गैरसमज: धूर दिसला म्हणजे रिंग-पिस्टन गेले.

वस्तुस्थिती: धुराचा रंग आणि वेळ पाहिल्याशिवाय निदान होत नाही. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. दोष एअर फिल्टर किंवा इंजेक्टरचा असू शकतो. निळसर धूर ऑइल जळल्याचा. पेट्रोल गाडीत तो रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किंवा घाट उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबताच दिसला, तर संशय व्हॉल्व सीलवर जातो. जोर देताना सतत आला तर रिंगांवर. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सीलही तपासावे लागते. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत गेले, तर हेड गॅस्केट तपासावे.

गैरसमज: जुन्या इंजिनाला जाड ऑइल घातले की ते सुधारते.

वस्तुस्थिती: ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातल्यावर आवाज काही काळ दबतो, पण झिजलेला भाग भरून येत नाही. गार इंजिनात जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असलेल्या श्रेणींतूनच निवड करावी. गाडी विकण्याआधी आवाज लपवण्यासाठीही ही युक्ती वापरली जाते.

गैरसमज: टायमिंग बेल्ट तुटेपर्यंत चालवावा आणि चेनकडे पाहण्याची गरज नाही.

वस्तुस्थिती: रबरी बेल्टला किलोमीटर आणि वर्षे अशी दुहेरी मुदत असते, जी आधी संपेल ती खरी. अनेक इंजिनांत बेल्ट तुटताच व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात आणि बेल्टच्या खर्चाऐवजी हेडचे काम पदरी पडते. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर दोन्ही एकदम बदलल्याने दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी वाचते. चेन जास्त टिकते, पण ऑइलकडे दुर्लक्ष झाल्यास तिचे सांधे झिजून ती लांबते. गाडी सुरू करताच काही सेकंद खळखळ ऐकू येणे हे त्याचे लक्षण असू शकते.

गैरसमज: रेडिएटरमध्ये साधे पाणी चालते.

वस्तुस्थिती: कूलंट गंज रोखते आणि त्याचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा जास्त असतो. नळाच्या पाण्यातील क्षार मार्गांत साचतात. बहुतेक आधुनिक गाड्यांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. गाडी तापलेली असताना तशीच रेटली तर ते वाकू शकते. दहा वर्षांपुढच्या गाडीत होज, थर्मोस्टॅट आणि पंखा वेळीच तपासणे हेडच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

गैरसमज: ऑइल खाते म्हणजे फुल इंजिन काम करावेच लागेल.

वस्तुस्थिती: आधी गळती पाहावी, मग कॉम्प्रेशन मोजावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग किंवा बोअर झिजलेले. फारसा न वाढल्यास दोष व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटकडे. दुसऱ्या स्थितीत फक्त हेडचे काम पुरू शकते. बोअरची झीज कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल किंवा क्रँकच्या बेअरिंगचा ठोका येत असेल, तरच पूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहण्याची वेळ येते.